टाचलेली पानं

"गमछा! गमछा म्हणालीस. ही फोड माझी," असं म्हणत आप्पांनी दिशाच्या ताटलीतून आंब्याची एक फोड उचलली.

"आजोबा, ये तो चीटिंग है! गमछ्याला मराठीत काय म्हणतात मग?"

"पंचा म्हण. आणि त्या चीटिंगबद्दल आणखी एक."

मी आत पोळ्या लाटत होते. लाटणं होतं तिथेच थांबलं. दिशा ज्याची गोष्ट सांगत होती, त्या पुस्तकात गमछा नव्हता. मला पक्कं माहीत होतं, कारण दिशाच्या हातात देण्याआधी मी ते पान न पान वाचलं होतं.

आप्पा म्हणजे माझे सासरे. पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहून घरातली मराठी आता पातळ झालीय, ती नातीबरोबर संपू नये म्हणून त्यांनी या मे महिन्यात एक नियम काढला. दिशाने दिवसा इंग्रजी कादंबरी खुशाल वाचावी, पण संध्याकाळी तेवढा भाग त्यांना मराठीत सांगायचा. हिंदी शब्द आला की आंब्याची एक फोड आजोबांची.

कादंबरी होती मिरवा नावाच्या मुलीची. बर्फाच्या देशातली ही तेरा वर्षांची पोर बसएवढ्या पांढऱ्या हंसावर बसून कैदेतल्या आपल्या माणसांना सोडवायला एकटीच निघते. दिशाही तेराचीच. लायब्ररीत सायकलवरून एकटी जाण्याची परवानगी तिने याच सुट्टीत माझ्याशी भांडून मिळवली होती. ती परत येईपर्यंत मी खिडकी सोडत नसे. दिवाकर, माझा नवरा, मालगाडीवर गार्ड. आठवड्यातले निम्मे दिवस बाहेर. तो मला "सेन्सॉर बोर्ड" म्हणतो. म्हणू दे. मिरवा शहराच्या वेशीवर पहारेकऱ्याच्या हाती सापडते, ती पानं मी टाचणीने टाचली आणि दिशाला सांगितलं, "हे पुढच्या वर्षी." ती फुरंगटली, पण टाचणीला तिने हात लावला नाही. पुढच्या प्रकरणावर गेली.

आप्पांना मात्र मधला तुकडा हवाच होता. "शहरात शिरली कशी ते सांग की. असं मधूनच सोडायचं नाही."

म्हणून ती आता तो तुकडा मनाने रचत होती.

"बर्फाच्या देशात पंचा कुठून आला गं?" आप्पा हसले.

"आला. घोड्याच्या गळ्यात बांधला होता. हिरवा. काळा घोडा. तो आदमी रोज पुलियाखाली उभा राहायचा. आधी नुसता बघायचा. मग सीटी मारायचा. मग एकदा त्याने घोडा आडवा लावला, मिरवाला निघायला जागाच नाही."

लायब्ररीच्या वाटेवर रेल्वेलाइनखालची पुलिया, कमानीचा छोटा पूल, लागते. माझ्या हातातलं पीठ वाळून घट्ट होत चाललं होतं.

"आदमी, सीटी..." म्हणत पुढे झालेला आप्पांचा हात ताटलीवरून रिकामाच मागे आला. आवाज बदलला. "मग मिरवाने काय केलं, बाळ?"

"काही नाही. तिला सुचलंच नाही काही. भिंतीला घासून निघाली. कोपर छिललं तिचं."

दिशाच्या कोपरावर खपली होती. सायकलवरून पडले, असं म्हणाली होती.

"आईला नाही सांगितलं तिने?"

"आईला सांगितलं असतं तर आईने हंसालाच बांधून टाकलं असतं."

त्याच क्षणी माझी नजर सायकलच्या किल्लीवर होती. दारामागच्या खिळ्यावरून ती काढून डब्यात ठेवायची, इथवर माझं ठरलंही होतं.

मी तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आले. कपाटावरचं पुस्तक काढलं, टाचण्या उपसल्या आणि ते तिच्या मांडीवर ठेवलं.

"वाच. मोठ्याने."

ती अडखळत वाचू लागली. पहारेकरी मिरवाचं मनगट धरतो. तलवार नाही, हंस नाही. ती पाय रोवून उभी राहते आणि अशी ओरडते की वेशीलगतच्या बाजारातल्या सगळ्या खिडक्या उघडतात. तो हात सोडतो. पुढच्या गल्लीत जाऊन मिरवा ओकते, भिंतीला टेकून कितीतरी वेळ कापत राहते.

"बस? इतकंच?" दिशाने वर पाहिलं. "इसमें छुपाने का क्या था, आई?"

मी विचारलं, "मोटरसायकल आहे ना? काळी?"

तिने मान हलवली. मग तिचा चेहरा माझ्या पिठाळ हातांत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिशा आणि मी लायब्ररीला निघालो, तेव्हा आप्पाही चपला घालून उभे राहिले. त्यांना मी थांबवलं. दिशा मला म्हणाली, "तू जरा मागे राहा." मागे राहणं म्हणजे काय, ते त्या रस्त्यावर मला कळलं.

पुलियाखाली मोटरसायकल आडवीच होती. हँडलला हिरवा गमछा.

"काए बिन्नू, नाराज हो का?" तो हसत म्हणाला. मला त्याने पाहिलं नव्हतं.

दिशा सायकलवरून उतरली. "गाडी हटाओ." आवाज घशातच फाटला. तो आणखी हसला. माझा पाय उचलला गेला होता, मी तो कसाबसा रोखला.

मग ती ओरडली. "गाडी हटाओ! रोज रास्ता रोकते हो! हटाओ!" पुलियाच्या कमानीने तो आवाज दुप्पट करून रस्त्यावर फेकला. उसाच्या रसाचं यंत्र थांबलं. ककडीवाली बाई टोपलीमागून उठली, पोरगी काय म्हणतेय ते ऐकू येत नाही का म्हणून त्याच्यावर खेकसली. "काए रे, सुनाई नईं देत? मौड़ी का कै रई?" दोन रिक्षावाले खाली उतरले. मी एव्हाना दिशाशेजारी पोचले होते आणि त्याच्या गाडीच्या नंबराचा फोटो काढत होते. पहिला फोटो धूसर आला. दुसरा नीट आला. तो किक मारून निघाला, मागे न बघता.

दिशाने माझा दंड घट्ट धरला. "आई, पाय कापतायत."

"कापू देत," मी म्हणाले. पुस्तक बदलून, चौकीत तो फोटो दाखवूनच आम्ही घरी आलो.

संध्याकाळी आप्पांनी स्वतः आंबा चिरला. आवाज पार बसलेला, तरी दिशाने सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत हिंदीत. आप्पांनी एकही फोड उचलली नाही.

"मग मिरवाने सायकल उचलली आणि..." त्यांनी मध्येच विचारलं होतं.

"मिरवा नाही, आजोबा," ती म्हणाली. "मी."

आप्पांनी मान हलवली आणि आपल्या ताटलीतल्या फोडी एकेक करून तिच्या ताटलीत सारल्या. मी आत उठून गेले. किल्ली खिळ्यावर होती. तिला हात लावला, जागेवर आहे ना ते पाहिलं, आणि तशीच राहू दिली.