लाल झालेला दोरा

रविवारी सकाळी मी प्रताप नगरच्या निवाऱ्यावर पोचले, तेव्हा मागच्या बागेत पन्नास-साठ माणसं उभी होती. वाफ्यांभोवती नव्हे, वाफ्यांत. महिनाभर जपलेली मेथी त्यांच्या चपलांखाली चिरडली होती आणि कुणाचं खाली लक्ष नव्हतं. सगळे मधल्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे बघत होते. खुर्चीत, पिकांवरची बाधा उतरवतात अशी ख्याती असलेले झाडवाले बाबा बसले होते.

हा निवारा बेघर कुटुंबांसाठी आहे. मागच्या पडीक जागेत आम्ही बाहेरून मदतीला येणाऱ्या चौघी-पाचजणींनी दीड वर्षापूर्वी बाग सुरू केली. प्रत्येक कुटुंबाला एक वाफा. पिकेल ते त्यांच्या चुलीवर. मी गौतमी. नवरा रेल्वेत, त्याच्या बदलीमुळे वर्ध्याहून जयपूरला आले. शाळेत विज्ञान शिकवते.

तीन आठवड्यांपासून बागेतली पानं कडांनी जळत होती. पहिला गेला पार्वतीच्या वाफ्यातला पालक. पार्वती जालन्याची. बांधकामावर नवऱ्यासोबत आली, नवरा परांचीवरून पडून गेला, आणि सात वर्षांच्या सोनमला घेऊन ती इथे राहिली. निवाऱ्याच्या चादरी तीच धुते. तिच्यानंतर शेजारचा वाफा गेला, मग पलीकडचा. मी पानं उलटून कीड शोधली, सापडली नाही. परीक्षांच्या गडबडीत पुढचं राहून गेलं. तेवढ्यात लोकांना बाबा सापडला.

बाबांचं म्हणणं असं, की जमीन बोलते, फक्त ऐकणारा कान हवा. तो कान त्यांच्याकडे होता. दुसऱ्या कानात मोबाइलची तार होती. जमिनीने त्यांना सांगितलं होतं की इथल्या एका बाईची नजर मातीत उतरली आहे. ती कोण, हे त्यांच्यासमोरच्या ताटात लिंबांशेजारी ठेवलेला दोरा दाखवणार. हळदीत भिजवलेला दोरा निर्दोष मनगटावर पिवळा राहतो, पापी मनगटाचं रक्त पितो.

पुढच्या नळावर हातपाय धुऊन एकेक बाई येत होती. अकरा दोरे पिवळेच राहिले. मग बाबांनी पार्वतीला धुण्याच्या दगडावरून तशीच उठवून आणायला सांगितलं. तिच्या ओल्या मनगटावर दोरा बांधला आणि बघता बघता तो लालभडक झाला.

गर्दी मागे सरली. यमुना नावाची बाई, जी कालपर्यंत सोनमला आपल्या पोरांसोबत जेवू घालायची, तिने पार्वतीचं गाठोडं उचलून फाटकाबाहेर नेऊन ठेवलं. निवाऱ्याचे व्यवस्थापक पृथ्वीराजजी पदवीधर आहेत. ते हात जोडून उभे होते. मला म्हणाले, “मॅडम, मी तरी काय करू? सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.” जानेवारीच्या थंडीत एका बाईला मुलीसह रस्त्यावर काढायचं ठरलं होतं, आणि त्याला पुरावा काय, तर दोऱ्याचा रंग.

पार्वती माझ्याजवळ आली. “म्या कुनाचं काय वाईट केलं, ताई?” एवढंच म्हणाली.

खरं सांगते, मला रडू नाही आलं, संताप आला. तिथल्या प्रत्येक बाईने आयुष्यात कधी तरी हळदीचा डाग साबणाने घासला होता. डाग लाल होतो, हे प्रत्येकीने पाहिलं होतं. पण बाबांसमोर उभं राहिलं की माणूस पाहिलेलंही विसरतो.

मी स्वयंपाकघरातून हळद आणली, पार्वतीच्या धुण्याची बादली आणली. त्यात कपडे धुण्याचा सोडा होता. मी माझं मनगट त्यात बुडवलं आणि बाबांच्याच ताटातला दोरा बांधला. लाल. मग बाबांना म्हटलं, आता तुम्ही हात घाला. ते म्हणाले, सिद्ध पुरुषाची परीक्षा घेऊ नये. मी बादली कलंडवली, पाणी त्यांच्या हातावर गेलं आणि त्यांच्या स्वतःच्या मनगटावरच्या गंड्याचा हळदीने पिवळा दोरा सगळ्यांदेखत लाल झाला. त्यांच्याच ताटातलं लिंबू मी त्यावर पिळलं. दोरा पुन्हा पिवळा झाला.

“सोडा लागला की हळद लाल होते, लिंबू लागलं की पिवळी,” मी हिंदीत सगळ्यांना सांगितलं. “पार्वतीच्या हाताला तुमच्या चादरींचा सोडा आहे. म्हणूनच हिला हात धुवू न देता आणलं.”

मग मला जे तीन आठवड्यांपूर्वीच सुचायला हवं होतं, ते सुचलं. बागेला पाणी घालायच्या पिंपात मी हळद लावलेली चिंधी बुडवली. तीही लाल झाली. पिंपात पाणी कुठून येतं, असं विचारलं. पृथ्वीराजजी पुटपुटले की पाणी वाचावं म्हणून त्यांनीच महिन्यापूर्वी धुण्याच्या मोरीचा पाइप पिंपात सोडला होता. पिंपाजवळचा पहिला वाफा पार्वतीचा, म्हणून सोड्याचं पाणी सगळ्यात जास्त तिच्याच वाफ्याला मिळालं.

मला वाटलं, आता लोक बाबाला जाब विचारतील. बाबा उठले, हसले, म्हणाले, “पाण्यात दोष आहे, हेच तर धरतीमाता माझ्या तोंडून सांगत होती.” आणि पाच-सहा जणांनी मान डोलावली. बाबा मोटरसायकलवरून निघून गेले. जाताना दोघांनी त्यांना वाकून नमस्कार केला.

यमुनाने गाठोडं परत आत आणून ठेवलं, पार्वतीकडे न बघता. माफी कुणी मागितली नाही. पाइप त्याच दुपारी काढला. मेलेले वाफे आम्ही नळाच्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढले. पार्वती माझ्याशेजारी बसून माती उकरत होती. म्हणाली, “ताई, आज तुम्ही आल्या नसत्या तर?”

दर ठिकाणी दर रविवारी विज्ञानाची बाई येऊन पोचत नाही. यायची गरजही नाही. चिमूटभर हळद आणि एक प्रश्न एवढंच लागतं, आणि ते प्रत्येक घरात आहे. म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: पान जळलं तर आधी पाणी बघा, माती बघा. बाईकडे बोट दाखवू नका.