एकच लांब ओळ

“पियानोचं झाकण कुणी उघडलं?” आर्डिथने विचारलं. तिच्या एका हातात मायक्रोफोनची पेटी होती आणि दुसऱ्या हातात चिखलाने माखलेले बूट.

वेंडेल रंगमंचावर खुर्ची टाकून व्हायोलिनच्या गजाला राळ लावत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

“वाजवणारीनेच उघडलं असणार.”

“नोरीन आली?”

“माझ्याही आधी आली. आत कॉफीचं बघतेय. मला विचारलं, गुडघा कसा आहे. तुझ्याबद्दल काही विचारलं नाही.”

“मी विचारलं का तुला, ती काय म्हणाली ते?”

“नाही. पण विचारणार होतीस.”

आर्डिथने बूट भिंतीशी ठेवले, नाचाचे मऊ तळव्यांचे जोडे पायांत घातले आणि मायक्रोफोनच्या तारा सोडवायला बसली. नोरीन आली म्हणून तिला हायसं वाटलं होतं आणि हायसं वाटलं याचा रागही आला होता. आठवडाभर ती दुसऱ्या गावच्या एखाद्या पियानोवालीला फोन करायचं म्हणत होती. फोन उचलायची आणि परत ठेवायची.

वेस्ट ऑलबर्न गावात महिन्याच्या पहिल्या शनिवारी टाउन हॉलमध्ये नाच असतो. आर्डिथ तो पुकारते, म्हणजे पुढची चाल कुठली ते मायक्रोफोनवरून सांगत जाते, वेंडेल व्हायोलिन वाजवतो आणि नोरीन पियानो. तिघांचे केस काळे होते तेव्हापासून हे असंच चालत आलेलं. पण मार्चमध्ये याच हॉलमध्ये गावसभा भरली. गावातली प्राथमिक शाळा बंद करून मुलांना खालच्या मोठ्या गावातल्या शाळेत पाठवावं, असा ठराव पर्ली स्टोक्सने मांडला. दुपारपर्यंत वाद झाला. माणसं रडली, ओरडली आणि शेवटी हात वर करून मतं झाली. ठराव जेमतेम पास झाला.

नोरीन त्या शाळेत पहिली-दुसरीला एकाच वर्गात शिकवत होती. ती पुढच्या बाकावर बसली होती. हात वर झाले तेव्हा तिने मान वळवून मागे पाहिलं, आणि त्या हातांमध्ये आर्डिथचा हात होता.

आर्डिथ शाळेची बस चालवायची. रोज सकाळी आरशात तिला रिकाम्या सीट दिसायच्या, आणि दरवर्षी त्या वाढतच होत्या. एकेका वर्गात बोटांवर मोजण्याइतकी मुलं उरली होती. तिने पुष्कळ विचार करून हात वर केला होता आणि त्याबद्दल तिला जराही शंका नव्हती. नोरीन मागे वळून पाहील, एवढंच तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तेव्हापासून नोरीन तिच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

माणसं यायला लागली. दाराशी चिखलाच्या बुटांची रांग लागली. मेपलच्या झाडांचा गोड रस आटवून पाक करण्याचा हंगाम संपत आला होता, त्यामुळे निम्म्या लोकांच्या कपड्यांना धुराचा आणि पाकाचा वास होता. एरवी माणसं आत आली की आधी मधोमध घोळक्यात उभी राहायची. आज आलेला प्रत्येक जण क्षणभर दाराशी थांबत होता, हॉलभर नजर टाकत होता आणि मग एका बाजूला जात होता. शाळा बंद करा म्हणणारे शेगडीकडे, नको म्हणणारे खिडक्यांखाली.

नोरीन आतून आली. शिक्षिका वर्गात येतात तशी ताठ. पियानोपाशी बसली, स्वेटरच्या बाह्या सारख्या केल्या आणि वेंडेलकडे पाहून मान हलवली.

आर्डिथने घरी बसून आजची संध्याकाळ बांधली होती. या कामाचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे. नाच पुकारणं एक वेळ कुणालाही जमेल, पण पहिल्यांदा काय घ्यायचं, माणसांचे पाय मोकळे झाले की काय द्यायचं, दमल्यावर त्यांना कसं सांभाळायचं आणि मध्यंतराच्या आधी हॉल कसा पेटवायचा, हे सगळ्यांना जमत नाही. पहिल्या नाचात शिकवलेली एखादी चाल पाचव्या नाचात अशी यायला हवी की लोकांना वाटावं, आपल्याला हे उपजतच येतं. तिच्या नाचाला डोंगरापलीकडून लोक यायचे, ते उगाच नाही.

“जोडीदार घ्या आणि ओळी करा,” ती मायक्रोफोनमध्ये म्हणाली.

दोन ओळी झाल्या. एक शेगडीकडची, एक खिडक्यांकडची.

नाच तसा साधा. समोरासमोर तोंडं करून जोड्या लांब ओळीत उभ्या राहतात. प्रत्येक जोडी पुढच्या जोडीबरोबर नाचते आणि सूर फिरून पहिल्यावर आला की एक जागा पुढे सरकते, तिथे नवी जोडी असते. गाणं संपेपर्यंत माणूस आपल्या ओळीतल्या सगळ्यांना भेटतो. पण फक्त आपल्या ओळीतल्या.

पहिला नाच नीट झाला. कुणी चुकलं नाही. तरी आर्डिथला तो आवडला नाही. कुणी हसलं नव्हतं, कुणी जमिनीवर पाय आपटला नव्हता. शेगडीच्या ओळीत पर्ली बायकोबरोबर नाचत होता. खिडकीच्या ओळीत त्याची मुलगी कॉनी नवऱ्याबरोबर होती. तिची दोन्ही मुलं नोरीनच्या वर्गात होती. गावसभेत ती बापाच्या विरोधात उभी राहून बोलली होती आणि बोलता बोलता तिचा आवाज फुटला होता. आता बापलेकी एकमेकांकडे पाठ राहील अशा बेताने वळत होती.

टाळ्या पडल्या, त्याही दोन बाजूंच्या वेगवेगळ्या.

“गावसभाच चालू आहे अजून,” वेंडेल गज पुसत म्हणाला. “फक्त आज सुरावर.”

आर्डिथने पुढच्या नाचांची कार्डं हातात घेतली, पाहिली आणि स्वेटरच्या खिशात टाकली. मग मायक्रोफोन जवळ ओढला.

“पुढचा नाच एका ओळीचा. हॉलच्या मधोमध, रंगमंचापासून पार दारापर्यंत. सगळे.”

कुणी हललं नाही. कुणीतरी खोकलं. एक म्हातारा खुर्चीवरचा कोट उचलायला वळला. आज एकदा ही माणसं दाराबाहेर गेली की पुढच्या महिन्यात येणार नाहीत, आणि मग कधीच येणार नाहीत, हे आर्डिथला समजत होतं.

पर्ली रंगमंचाच्या कडेशी आला.

“आर्डिथ, दोन ओळींना जागा आहे की इथे.”

“आहे.”

“मग?”

“मला एक पाहिजे.”

“हे तू मुद्दाम करतेयस.”

“मग काय चुकून करू? पर्ली, गावसभा तुम्ही लोक चालवता, तिथे मी गप्प बसते. नाच मी चालवते. नाचायचं नसेल तर आत कॉफी आहे, तुझ्या बायकोने केलेला केकही आहे.”

पर्लीचे कान लाल झाले. मागून कुणीतरी हसलं, पण ते शेगडीकडचं होतं की खिडकीकडचं, ते समजलं नाही.

तेवढ्यात बाहेरगावचं एक तरुण जोडपं मधोमध येऊन उभं राहिलं. जन्मात पहिल्यांदाच असल्या नाचाला आलेलं. मुलीने रंगमंचाकडे बघून विचारलं, “इथेच उभं राहायचं ना?”

“अगदी तिथेच, बाळा,” आर्डिथ म्हणाली.

नव्या पाहुण्यांना एकटं उभं ठेवणं बरं दिसत नव्हतं. शेगडीकडून एक जोडी आली, खिडकीकडून एक. मग म्हाताऱ्याने कोट परत खुर्चीवर टाकला. पर्लीच्या बायकोने नवऱ्याची बाही धरून त्याला ओळीच्या वरच्या टोकाला उभं केलं. कॉनी नवऱ्याला घेऊन पार खालच्या टोकाला गेली, दारापाशी. बापापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. आर्डिथने ते पाहिलं. टोकाला उभं राहिलं म्हणजे सुटका होत नाही, हे कॉनीलाही ठाऊक होतं.

आता सूर ठरवायचा होता. एरवी आर्डिथ नुसती पियानोकडे बघायची आणि नोरीन समजायची. आज ती चालत पियानोपाशी गेली.

“मला सावकाश हवंय,” ती म्हणाली. “पण जड नको.”

नोरीन पट्ट्यांकडे बघत होती. “किती वेळ?”

“सगळे सगळ्यांना भेटेपर्यंत.”

नोरीनने मान वळवली आणि ती ओळ वरपासून खालपर्यंत न्याहाळली. तिचे आजचे आणि जुने विद्यार्थी होते त्यात. त्यांचे आईबाप होते. तिच्याविरुद्ध हात वर केलेले होते.

“लांब आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“माझी बोटं दुखतील.”

नोरीनने वेंडेलला कुठल्यातरी जुन्या चालीचं नाव सांगितलं आणि हात पट्ट्यांवर ठेवले.

आर्डिथने आधी सगळ्यांना सुराशिवाय चालवून घेतलं. लांब ओळींनी पुढे या, मागे जा. बायकांची साखळी. मग शेजारच्या माणसाचा हात धरून झोका आणि गिरकी. नवी मुलगी गिरकीत भेलकांडली आणि हसत सुटली.

“पायांकडे बघू नकोस,” आर्डिथ म्हणाली. “भिंतीकडेही नको. समोरच्याच्या डोळ्यांत बघ, म्हणजे चक्कर येत नाही.” ती मुलीला सांगत होती, पण मायक्रोफोन चालू होता आणि हॉल ऐकत होता.

सूर सुरू झाला. नोरीनने तो इतका हलका उचलला की माणसांच्या टाचा आपोआप वर झाल्या. आर्डिथ पुकारू लागली. शब्द सुराच्या किंचित आधी पडायला हवा, म्हणजे पाऊल सुरावर पडतं. पर्ली एकेक जागा खाली सरकत होता, कॉनी एकेक जागा वर येत होती. वाटेत पर्लीने आपल्याला गावसभेत खोटारडा म्हणणाऱ्या बाईबरोबर गिरकी घेतली. कॉनीने दोन घरं सोडून राहणाऱ्या आणि हल्ली खिडकीचा पडदा ओढून घेणाऱ्या शेजाऱ्याचा हात धरला. कुणी फार काही बोलत नव्हतं. पण हात धरल्यावाचून पुढे सरकता येत नव्हतं.

हॉलच्या मध्यावर बापलेकी समोरासमोर आली. आर्डिथचा आवाज क्षणभर अडखळला. तो खंड नोरीनने डाव्या हाताच्या दोन जड सुरांनी भरून काढला, कुणाला कळलंही नाही.

कॉनीने हात दिला आणि मान फिरवून भिंतीकडे पाहिलं. अर्ध्या गिरकीतच तिचा तोल गेला. पर्लीने तिच्या पाठीवरची पकड घट्ट केली. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तोही हसला नाही, तीही नाही. दोघं नुसती फिरली, सुरावर, एकमेकांच्या डोळ्यांत बघत, आणि सूर संपताना दोघं बरोबर आपापल्या जागी सुटली. पुढच्या जोडीकडे जाताना पर्लीचं पाऊल चुकलं. साठ वर्षं नाचणारा माणूस, चाल विसरला. नव्या मुलीनेच त्याला खांद्याला धरून योग्य बाजूला वळवलं आणि आसपासची चारपाच माणसं मोठ्याने हसली. पर्लीही.

मग हळूहळू आर्डिथने शब्द कमी केले. आधी पूर्ण वाक्य, मग एकच शब्द, मग नुसतं ‘आता’. शेवटी तिने मायक्रोफोन खाली केला.

ओळ तिच्याशिवाय चालत होती. रंगमंचापासून दारापर्यंत एकच ओळ पुढे येत होती, मागे जात होती, आणि पुढे येताना सगळ्यांचा पाय एकदम जमिनीवर आपटत होता. खिडक्यांची तावदानं थरथरत होती. पुकारणारी जितकी चांगली, तितकी लवकर तिची गरज संपते. ती तशीच उभी राहिली, हात बाजूला सोडून, आणि तिने हा क्षण पोटभर पाहून घेतला. हे मी केलं, असं तिला वाटलं. मग तिने पियानोकडे पाहिलं. हे आम्ही केलं.

मध्यंतरानंतर तिने पुन्हा दोन ओळी होऊ दिल्या. त्या आता कुणाच्याच नव्हत्या. पर्लीच्या बायकोचा केक संपला. शाळेचा विषय कुणी काढला नाही, आणि कुणी कुणाला माफही केलं नाही. सोमवारी पडदे पुन्हा ओढले जाणार होते, निदान काही. पण त्या संध्याकाळी कोट उचलून कुणी लवकर गेलं नाही.

शेवटी जोडीजोडीने संथ गिरक्या घेण्याचा वॉल्ट्झ होता, नेहमीसारखा. त्याला पुकारावं लागत नाही. आर्डिथ तारा गुंडाळायला लागली. वेंडेलने सूर धरला आणि तिच्या लक्षात आलं, पियानो वाजत नाहीये. नोरीन तिच्यासमोर उभी होती, बोटं चोळत.

“मला नोकरी मिळालीय,” नोरीन म्हणाली. “समुद्राकडे, माझ्या बहिणीच्या गावी. जूनमध्ये जाईन.”

आर्डिथच्या हातातल्या तारेचं वेटोळं सुटलं. “चांगली शाळा आहे?”

“मोठी आहे. एका वर्गात एकच इयत्ता.”

“मग तुला कंटाळा येईल.”

“येईल बहुतेक.”

खाली जोड्या फिरत होत्या. आर्डिथ म्हणाली, “नोरीन, परत विचारलं तर मी तसाच हात वर करेन.”

“माहीत आहे मला. खोटं बोलणारी असतीस तर मी आत्ता इथे आले नसते.” नोरीनने तिच्या हातातली तार काढून खुर्चीवर ठेवली. “चल. इतक्या वर्षांत आपण दोघी इथे एकदाही नाचलेलो नाही.”

“पुढे कोण नेणार?”

“मी. तू संध्याकाळभर हुकूम सोडलेस.”

दोघी पायऱ्या उतरून खाली आल्या. लोकांनी थोडी जागा करून दिली. नोरीनने एक हात तिच्या पाठीवर ठेवला, दुसऱ्याने तिचा हात धरला आणि कोपऱ्याकडे निघाली. खिडकीपाशी वळताना आर्डिथने सवयीने पुढची चाल सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं, आणि नोरीन नेईल तिकडे ती गेली.