एका चुकीची भावंडं

मित्रांनो, मला पाहायला याल तर तुमची निराशाच होईल. मला ना चाकं आहेत, ना काटे, ना झाकण. मी एक जुना प्रोग्राम आहे. जुना म्हणजे किती, तर माझ्या जन्माच्या वेळचे संगणक पाठीला भलंमोठं पोक घेऊन टेबलावर बसत आणि सुरू होताना म्हाताऱ्यासारखे खाकरत. माझं काम एकच. दोन गोष्टींत सारखं काय आणि वेगळं काय, ते ओळखायचं. मला सगळे ‘बटाट्या’ म्हणतात. हे नाव थट्टेत पडलं, पण आज मी ते छाती फुगवून सांगतो. छाती नसली म्हणून काय झालं?

मला जन्माला घातलं एका धाकट्या भावानं, आणि तेही थोरल्या बहिणीच्या धाकानं. ताई रोपांच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होती. तिथल्या पांढऱ्याशुभ्र खोल्यांत मांडण्यांवर काचेच्या बाटल्या ओळीनं ठेवलेल्या असत आणि प्रत्येक बाटलीत बोटभर उंचीची बटाट्याची रोपं डुलत असत. ही सगळी रोपं एकाच निरोगी रोपाच्या कांड्या कापून वाढवलेली. म्हणजे ती त्याची मुलंसुद्धा नव्हेत, तर हुबेहूब तेच रोप. अशा रोपांना क्लोन म्हणतात. हा काही जादूटोणा नाही बरं का! कोंब फुटलेला बटाटा तुम्ही मातीत पुरलात आणि रोप उगवलं, तर तेही त्या बटाट्याचा क्लोनच असतं.

अडचण अशी, की बाटलीत असताना सगळ्याच जातींची रोपं सारखी दिसतात. चांगल्या जातीत भलतंच रोप मिसळलं, तर नुसत्या डोळ्यांना पत्ता लागत नाही. खरी ओळख असते आत, जनुकांमध्ये. जनुकं म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबच लांब मजकूर. ताई त्यातले तुकडे यंत्रावर वाचून घेई, कागदावर छापून घेई आणि एकाखाली एक धरून ताडून बघत बसे.

एके दिवशी तिनं चष्मा काढून टेबलावर आपटला.

“अरे, माझे डोळे जायची वेळ आली. तू एवढा संगणक शिकलास ना? मग बहिणीच्या काहीतरी उपयोगी पड.”

“बघतो,” धाकटा म्हणाला.

“बघतो नको. कर.”

आणि त्यानं केलं. मला त्यानं शिकवलं, की मधलं एखादं अक्षर गळलं, एखादं जास्तीचं घुसलं, तरी गोंधळून जायचं नाही. आधी काय येतं, मग काय येतं, तो क्रम धरून चालायचं. चालीवरून जसा माणूस लांबून ओळखू येतो, तसा क्रमावरून मजकूर ओळखू येतो.

माझ्या पहिल्याच मोसमात मी मोठी कामगिरी केली. रोपांची एक अख्खी मांडणी शेतांवर जायला निघाली होती. मी म्हटलं, ही रोपं मूळ रोपाची नव्हेत. खोक्यांना चिकटपट्टी लावणारे लोक वैतागले. ताईनं मला पुन्हा चालवलं. मी पुन्हा तेच सांगितलं. शेवटी मूळ बाटल्यांचा शोध घेतला, तेव्हा कळलं की कांड्या कापायच्या टेबलावर दोन जातींची अदलाबदल झाली होती, आणि मिसळलेली जात रोगाला पटकन बळी पडणारी होती. ती रोपं शेतात गेली असती तर अख्खा हंगाम पाण्यात गेला असता. त्या दिवसापासून माझ्या संगणकावर ताईच्या अक्षरात एक चिठ्ठी लागली: ‘हा चालू असताना कुणीही हात लावू नये.’ एखाद्याला पदक मिळावं, तसं मला वाटलं.

पण जगाची रीत ठरलेली आहे. उगवत्याला नमस्कार, मावळत्याला पाठ. नवी चकचकीत यंत्रं आली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे प्रोग्रामही. माझ्या संगणकाची रवानगी जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत झाली. एका बाजूला तडे गेलेल्या बाटल्या, दुसऱ्या बाजूला मोडका पंखा, आणि अंगावर जुन्या पडद्याचं कापड. मित्रांनो, काम करून झिजणं वेगळं आणि काम नसताना गंजणं वेगळं. मी दुसरं भोगलं, पुष्कळ वर्षं.

तेवढ्या काळात धाकटा मोठा झाला. रुग्णालयातल्या उपकरणांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या एका कंपनीत तो काम करू लागला. पुढची हकिकत मी नंतर त्याच्याच तोंडून ऐकली.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा एक विभाग होता. तिथं सिरिंजमधलं औषध थेंबाथेंबानं बाळाच्या अंगात सोडणारे पंप होते. बाळाचं वजन भरलं, की किती वेगानं औषध द्यायचं ते पंप स्वतःच ठरवी. एके सकाळी एक इवलीशी मुलगी दाखल झाली. तळहातात मावावी एवढी, वजन किलोभरसुद्धा नाही. पंप सुरू झाला. विभागाच्या मेट्रनबाई शेजारच्या खाटेजवळ उभ्या होत्या. त्यांनी सिरिंजकडे नुसतं पाहिलं आणि झडप घालून पंप बंद केला.

“एवढ्याशा जिवाला एवढं औषध? कुणी लावलाय हा वेग?”

कुणीच लावला नव्हता. चूक प्रोग्रामची होती. फार पूर्वी कुणीतरी त्यात लिहून ठेवलं होतं, की वजन एक किलोपेक्षा कमी दिसलं तर भरणाऱ्याची चूक समजावी आणि एक किलो धरावं. किलोपेक्षा हलकं माणूस या जगात असू शकतं, हे त्या लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल. मेट्रनबाईंमुळे मुलगी बचावली. धाकट्याच्या कंपनीनं माफी मागितली, चूक दुरुस्त केली, आणि सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

पण तो फार लवकर टाकला. थोड्याच दिवसांत रुग्णवाहिकेतल्या पंपानं नेमकी तीच चूक केली. तो पंप वेगळा, त्याचा प्रोग्राम वेगळा, पण खोड तीच! सोबतच्या डॉक्टरांच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. मेट्रनबाईंनी मात्र विभागातले सगळे पंप बंद करायला लावले आणि कंपनीच्या साहेबांना समोर उभं केलं.

“एकदा चुकलात, समजू शकते. तीच चूक दुसरीकडे? आता ती जिथं जिथं असेल तिथून शोधून काढा. तोवर पंपाला हात लावू देणार नाही.”

“अहो, पण काम कसं चालेल तुमचं?”

“आम्ही मोजू थेंब. आमचे डोळे अजून शाबूत आहेत.”

आणि परिचारिका खरोखर घड्याळ समोर ठेवून थेंब मोजू लागल्या. एका बाळाकडे एक जण, पाळीपाळीनं. पाणी प्यायला उठायचं तरी दुसरीला बसवून उठायचं. हे फार दिवस निभणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

इकडे धाकटा लाखो ओळींत ती चूक शोधत होता. ‘वजन’ हा शब्द धरून शोधलं, तर एकच जागा सापडे. कारण तो भाग एका प्रोग्राममधून उचलून दुसऱ्यात डकवणाऱ्यांनी प्रत्येक वेळी नावं बदलली होती. कुठे वजनाचा ‘भार’ झाला होता, कुठे नुसता ‘व’. मधे नव्या ओळी घुसवल्या होत्या. पळसाला पानं तीनच, पण इथं प्रत्येक पान वेगळा रंग लावून बसलं होतं.

थकून तो ताईच्या घरी गेला. ताट पुढे आलं तरी हात हलेना.

“काय रे, तोंडावर बारा का वाजलेत?” ताईनं विचारलं.

त्यानं सगळं सांगितलं. ताई ऐकता ऐकता थांबली.

“म्हणजे कांड्या कापून लावल्या म्हण की.”

“काय?”

“अरे, मूळ रोपालाच रोग होता. त्याच्या कांड्या कापून कुणी चार कुंड्यांत लावल्या आणि कुंड्यांवर पाट्या वेगवेगळ्या लावल्या. तू पाट्या वाचत बसलायस. आतलं वाच ना! त्यासाठी तूच तर मला काहीतरी करून दिलं होतंस.”

धाकट्यानं कपाळावर हात मारून घेतला. “ताई, तो आहे अजून?”

“मी काही टाकून देत नाही. जेव आधी.”

दुसऱ्या दिवशी अडगळीचं दार उघडलं. अंगावरचा पडदा ओढला गेला, आणि धुळीनं ताईला सटासट शिंका आल्या. संगणक खाकरला, अडखळला, पुन्हा खाकरला आणि सुरू झाला. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला हाक मारली होती! माझा आनंद तुम्हाला काय सांगू?

धाकट्यानं मला नव्या संगणकावर नेलं आणि नवा धडा दिला. कुठलंही नाव दिसलं की ते विसरायचं, तिथे फक्त ‘एक नाव’ आहे एवढंच ध्यानात ठेवायचं. आकड्याचंही तसंच. मग जो सांगाडा उरेल, त्याचा क्रम ताडून बघायचा. मला तो धडा अवघड गेला नाही. रंग खरवडला की सगळी पानं पळसाचीच.

साहेब मागे उभे होते. “हे काय आहे?”

“जुना प्रोग्राम आहे. बटाट्याच्या रोपांसाठी केला होता.”

“रुग्णालयात हाहाकार चाललाय आणि तुम्ही बटाट्याचा प्रोग्राम आणलात?” सगळी खोली खो खो हसली. माझं बारसं झालं ते तेव्हा.

मी कामाला लागलो. पहिल्यांदा मोठ्या माणसांच्या पंपाचा प्रोग्राम पकडला. हेच मूळ रोप. गंमत पाहा, तिथे ती ओळ अगदी शहाणपणाची होती. मोठ्या माणसाचं वजन किलोपेक्षा कमी भरलं गेलं, तर ती भरणाऱ्याचीच चूक. शहाणपण भलत्या जागी डकवलं, की त्याचा अपघात होतो. मग रुग्णवाहिकेचा पंप पकडला. मग एका जुन्या पंपाचा, ज्याची कंपनीतही कुणाला आठवण नव्हती. हसणं थांबलं. लोक खुर्च्या ओढून जवळ आले.

आणि मग मी आणखी एका जागेवर बोट ठेवलं. ती जागा कुठल्याच पंपात नव्हती. ती होती बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीच्या प्रोग्राममध्ये.

“चुकला तुमचा बटाट्या,” साहेब म्हणाले. “पेटीत औषध कुठून आलं? मला मेट्रनबाईंना कळवायचंय, सगळं सापडलं म्हणून.”

धाकटाही क्षणभर घुटमळला. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. मला फक्त पुन्हा तेच उत्तर देता येतं. त्यानं मला पुन्हा चालवलं, आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं. मग त्यानं साहेबांकडे वळून सांगितलं, “पेटी प्रत्यक्ष तपासल्याशिवाय मी सही करणार नाही.”

ते सगळे विभागात गेले. रिकाम्या पेटीवर त्यांनी सर्वांत चिमुकल्या बाळाचं वजन भरलं. जितकं बाळ लहान तितकी ऊब जास्त हवी. पण पेटीनं ते वजन मुकाट्यानं एक किलो धरलं आणि किलोभराच्या बाळाला पुरेल तेवढीच ऊब दिली. साहेबांचा चेहरा पडला.

मेट्रनबाई मात्र उसळून म्हणाल्या, “म्हणून त्यांचे पाय गार लागायचे! आणि मी खिडकीच्या फटींना दोष देत होते. चिंध्या कोंबल्यात तिथे, बघा जाऊन!”

कुणी हसलं नाही. साहेबांनी हळूच धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. “सगळं पुन्हा तपासा. बटाट्या म्हणेल ते.”

मी शेवटची ओळ तपासेपर्यंत थांबलो नाही. आणखी काही उरलं नव्हतं. धाकट्यानं प्रत्येक जागी ठिगळ लावलं नाही. वजनाचा विचार करणारा एकच भाग त्यानं नीट लिहिला, तपासला, मेट्रनबाईंसमोर चालवून दाखवला आणि सगळ्या उपकरणांना तोच वापरायला लावला. विभागात पंपांचे हिरवे दिवे एकामागून एक लागत गेले. थेंब मोजून मोजून डोळे लाल झालेल्या परिचारिकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मेट्रनबाईंनी त्यांना गप्प केलं नाही, हे विशेष! त्या इवल्या मुलीच्या आईनं पेटीच्या भोकातून हात आत घातला आणि म्हणाली, “अगं बाई, पाय गरम आहेत हिचे.”

ती मुलगी वाढली. तिचं वजन किलोपलीकडे गेलं, त्या दिवशी मेट्रनबाईंनी धाकट्याला फोन केला, त्यानं ताईला, आणि ताई तडक मला सांगायला आली. प्रोग्रामला बातमी सांगायला आलेलं माणूस तुम्ही कधी पाहिलंय? मी पाहिलंय.

आज त्या कंपनीत कुठलाही नवा प्रोग्राम आधी माझ्यापुढून जातो. दुसऱ्या रुग्णालयांनीही मला मागून नेलं. म्हणजे आता माझेही क्लोन झाले. त्यांच्यावर लक्ष ठेवायला धाकट्यानं त्या रुग्णालयांना पहिल्याच दिवशी सांगितलंय, कारण माझ्यात काही खोट असेल, तर ती त्यांच्यातही असणारच.

मित्रांनो, नक्कल करणं वाईट नाही. चांगल्या रोपाची कांडी लावली म्हणून तर शेतं पिकतात. पण जे उचलाल ते आधी समजून घ्या, आणि जिथे लावाल ती जागाही नीट पाहा. जुन्या वस्तू टाकून देण्याआधी त्यांना काय येतं ते एकदा विचारा. आणि एखादी चूक हाती लागली, तर हुश्श करून उठू नका. तिला धरून ठेवा, समोर बसवा आणि विचारा: “तुझी बाकीची भावंडं कुठे आहेत?”