साक्ष

कापसाच्या जिनिंग मिलमध्ये मशीनच्या पट्ट्यात चांगुणाबाईचा हात सापडला, तेव्हा रेणुकानं धावत जाऊन मशीन बंद केलं आणि तिचा हात बाहेर काढला. मॅनेजर योगीराज लांबूनच ओरडत होता की बंद करू नको, माल अडकेल. दुसऱ्या दिवशी रेणुका बायांना घेऊन मिलच्या गेटवर उभी राहिली. पट्ट्यावर जाळी बसवा, मगच आत येऊ, एवढंच तिचं म्हणणं होतं. आठवड्यानं जाळी बसली आणि रेणुकाला मात्र वॉचमननं गेटातच अडवलं.

मानवत गावच्या त्या मिलमध्ये तिची आठ वर्षं गेली होती. ती संतापानं पेटली आणि कामगार कोर्टात गेली. तिला वाटलं होतं, उभं राहायचं, खरं सांगायचं, संपलं. तिचे वकील सिद्धोधन यांनी आधीच बजावलं होतं की वेळ लागेल. पण किती आणि कसा, ते तिला तारखांनी शिकवलं. कधी मिलचा वकील आजारी, कधी न्यायाधीश रजेवर. दर वेळी रोजगार बुडवून एसटीनं जायचं आणि पुढची तारीख घेऊन यायचं.

मिलनं लेखी सांगितलं की ही बाई आमची कामगारच नाही. उलटतपासणीत त्यांच्या वकिलानं तिला विचारलं, नवऱ्यानं का सोडलं? त्याचा इथं काय संबंध, असं तिनं भर कोर्टात विचारलं. न्यायाधीशांनी प्रश्न वगळला, पण तो सगळ्यांनी ऐकला होताच.

मग मिलच्या बाजूनं साक्षीला चांगुणाबाई आली. वाकडी झालेली बोटं पदराखाली झाकून ती म्हणाली, "मी हिला वळखत न्हाई."

रेणुकाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मिलनं चांगुणाबाईच्या पोराला कामावर ठेवलंय, हे तिला नंतर कळलं. कळूनही राग उतरला नाही.

शेवटी योगीराजच अडकला. सिद्धोधन यांनी त्याला बोलतं केलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं की मशीन बंद करू नको म्हणून मीच हिच्यावर ओरडलो होतो. म्हणजे ती मिलमध्ये कामाला होती, हे त्यानंच कबूल केलं. निकाल लागला: रेणुकाला कामावर परत घ्या. मिल वरच्या कोर्टात गेली आणि निकालाला स्थगिती घेऊन आली. रेणुका अजून गेटाबाहेरच होती.

त्यानंतर एका दुपारी चांगुणाबाई तिच्या दारात आली. मिलनं तिला आणि पोराला दोघांनाही काढलं होतं. तिच्या हातानं काम होत नाही म्हणे. तिला आता केस करायची होती. कोर्टात काय काय होतं, ते विचारायला ती आली होती.

रेणुकानं तिला बस म्हटलं नाही.

"सांगते, आईक," ती म्हणाली. "पहिल्यांदा म्हणतील, तुला वळखत न्हाईत. मग तारखा देतील, तू थकेपर्यंत. तुझ्या घरातलं काढतील. आन् तुझ्या बाजूला उभं राहून काम केलेलं माणूस तुझ्याविरुद्ध बोलंल."

"माझ्यासारखं," चांगुणाबाई म्हणाली.

"व्हय, तुझ्यासारखं."

चांगुणाबाईनं विचारलं, "मी आता खरं सांगू का, वरच्या कोर्टात?"

"वर साक्षी घेत न्हाईत, मावशी. तवा पायजे होतीस तू."

चांगुणाबाई वळून चालायला लागली. रेणुका दाराची चौकट धरून उभी होती. माफ करावं असं तिला आतून कुठंच वाटत नव्हतं. तरी तिनं हाक मारली.

"सिद्धोधन वकिलाकडं जा. साक्षीदार इचारला तर माझं नाव सांग. तुझा हात पट्ट्यातून मी काढलाय, तेच सांगन." चांगुणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून ती आणखी चिडली. "रडू नको. तुझ्यासाठी न्हाई येणार मी. त्या योगीराजसमोर उभं राहायला येणार हाय."

आणि तिनं दार लावून घेतलं.