शेवटच्या वाक्यांचा चोर

धाकटीच्या बाबांनी पाणीपुरवठा खात्यात आयुष्यभर गळक्या नळांच्या तक्रारी ऐकल्या आणि निवृत्त झाल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एका गुप्तहेर बाईला जन्म दिला. तिचं नाव स्वल्पविराम मावशी. बोलता बोलता ती मध्येच थांबायची आणि पुढचं विसरायची, म्हणून हे नाव. पुस्तकांच्या आत घडणारे गुन्हे शोधणं हे तिचं काम. एखादी नायिका लग्नाच्या आदल्या पानावरून पळून जायची, कुणी कवितेतला चंद्र चोरून भूगोलाच्या पुस्तकाला विकायचं, की मावशी विणकामाची पिशवी काखेत मारून त्या पुस्तकात शिरायची. सोबतीला एक बडतर्फ खलनायक. रक्त बघून त्याला भोवळ यायची, म्हणून त्याच्या मूळ कादंबरीने त्याला काढून टाकलं होतं.

पहिलं पुस्तक छापायला कुणी तयार नव्हतं. सातव्याच्या वेळी दुकान उघडायच्या आधी लोक दाराशी उभे होते. आईने मात्र एकही वाचलं नाही. "चाळीस वर्षं यांचं बोलणं ऐकलंय, आता वाचू पण?" असं ती कुणालाही सांगायची.

सातव्या पुस्तकात जगभरच्या पुस्तकांमधली शेवटची वाक्यं चोरीला जायला लागली. रहस्यकथा उलगडायच्या आधीच संपायच्या, प्रेमकथांमधली माणसं स्टेशनवर ताटकळत राहायची. शेवटच्या पानावर मावशी विणकाम खाली ठेवते आणि म्हणते, "चोर कोण ते मला कळलंय. आधी चहा, मग..." आणि पुस्तक संपतं. म्हणजे या पुस्तकाचंही शेवटचं वाक्य चोरीला गेलेलं. वाचकांनी बाबांना शिव्याही घातल्या आणि डोक्यावरही घेतलं. धाकटीने स्वतः कितीदा विचारलं असेल. "बाबा, निदान मला तरी सांगा!" बाबा मिशीत हसायचे. "सगळं इथं आहे," असं म्हणत कपाळावर टिचकी मारायचे. कागदावर काही टिपून ठेवायची त्यांना सवयच नव्हती.

आठवं पुस्तक सुरू करायच्या आतच, दाढी करता करता, ते न्हाणीघरात कोसळले.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा ठेवल्यासारखा पडलेला असायचा. पण खरा घाव वेगळाच होता. बाबांना सगळं समजत होतं. बोलायचेही भरभर, पूर्वीच्याच चढउतारांनी. फक्त शब्द भलतेच यायचे. चहा हवा असला की म्हणायचे, "जरा खिडकी गाळ." गार वाटलं की म्हणायचे, "टपाल बंद करा." आईला दोन आठवड्यांत या भाषेचा अंदाज आला. ती चहा आणायची, शाल पांघरायची आणि पुटपुटायची, "आधी तरी कुठे सरळ बोलायचे!"

वाचेचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी धाकटीला बाजूला घेऊन सांगितलं, "आत सगळं जागच्या जागी आहे. बाहेर यायची वाट तेवढी बंद झालीये. उघडेल कदाचित. सांगता येत नाही."

संपादिका आल्या त्या भली मोठी फळांची टोपली घेऊन. धसमुसळ्या, मायाळू बाई. बाबांचं पहिलं पुस्तक कुणी घेत नव्हतं तेव्हा त्यांनीच ते उचललं होतं. थोडा वेळ हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग त्यांना राहवेना. "सर, एकच विचारते. चोर कोण?"

बाबांचे डोळे लकाकले. ते खुर्चीत पुढे सरकले, डावा हात उचलला आणि सुरू झाले. "तर ती बादली असते ना, तिच्या मागच्या मंगळवारात पायजमा शिरतो, आणि पायजमा काय म्हणतो? म्हणतो, स्टेशनला बटाटे लाव!" आवाज चढला, उतरला, मध्ये नेमका तेवढा थांबला. गंमत सांगून झाल्यावर पूर्वी बघायचे तसं त्यांनी दोघींकडे बघितलं. हसण्याची वाट बघत.

संपादिकांनी खाली मान घातली. धाकटी हसली. अगदी मोठ्याने हसली. बाबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू विझला. लेकीचं खोटं हसू त्यांना ओळखू येणार नव्हतं तर कुणाला?

धाकटी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. हे दिसतंय की ते, आता बरं की मघाशी बरं, असं विचारत विचारत माणसाला नेमकी भिंगं कशी लावायची ते तिला पाठ होतं. तिने घरी तीच युक्ती केली. पुठ्ठ्याचे तुकडे कापले, त्यांवर मालिकेतल्या एकेका पात्राचं चित्र काढलं आणि बाबांसमोर मांडले. "चोर कोण? बोट ठेवा."

बाबांनी खलनायकावर बोट ठेवलं. धाकटीने उडीच मारली. आईला हाक मारली, संपादिकांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी खात्री करावी म्हणून पुन्हा विचारलं, तर बोट ग्रंथपालावर गेलं. तिसऱ्या दिवशी खुद्द मावशीवर.

"बाबा, काल तर वेगळं दाखवलंत!"

"हो," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "हो, हो," आणि मान नाही म्हणून हलवली. डाव्या हाताने सगळे तुकडे जमिनीवर लोटून दिले.

"कशाला छळतेस त्यांना?" आई आतून ओरडली.

"मी छळत नाहीये, आई. त्यांनाच सांगायचंय!"

"त्यांना सांगायचंय आणि तुला ऐकायचंय, मग अडलंय कुठे?" असं म्हणून आई दारात आली, दोघांची तोंडं बघितली आणि पुठ्ठे गोळा करू लागली.

परदेशातल्या थोरल्या भावाने फोनवर सल्ला दिला की बाबांचं बोलणं रेकॉर्ड करून तज्ज्ञाला दाखवावं. धाकटीने तेही केलं. तज्ज्ञांनी ऐकलं, सहानुभूती दाखवली आणि हात टेकले.

मग संपादिकांचा निरोप आला. वाचक थांबायला तयार नव्हते. एक दुसरे लेखक होते, बाबांची सातही पुस्तकं तोंडपाठ असलेले. ते आठवं लिहून देणार होते, मुखपृष्ठावर नाव बाबांचंच. धाकटीने बाबांना दोनदा समजावून सांगितलं. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. तो होकार होता की नकार, तिला कळेना. आई म्हणाली, "काय करायचं ते करा. माझ्या हातात काय आहे!" धाकटीने करारावर सही केली आणि त्या दिवशी दुकानात दोन गिऱ्हाइकांना चुकीचे नंबर लिहून दिले.

पुस्तक आलं. देखणं होतं. धाकटी बाबांच्या पायाशी वेताच्या मोड्यावर बसून रोज थोडं थोडं वाचून दाखवू लागली. दुसऱ्या लेखकाने मेहनत घेतली होती, नाही म्हणायला जागा नव्हती. मावशी विसरायची तिथेच विसरत होती, खलनायक वेळेवर बेशुद्ध पडत होता. बाबा दोनतीनदा खरंच हसले. एकदा तर दाद दिल्यासारखा डावा हात उडवला. धाकटीच्या जिवात जीव आला.

मग ते पान आलं. मावशी सगळ्यांना वाचनालयात जमवते आणि सांगते, चोर खलनायक. आपल्याला कुठल्याच गोष्टीत शेवटपर्यंत राहू दिलं नाही, या रागाने त्याने जगातले सगळे शेवट पळवले.

"नाही," बाबा म्हणाले.

धाकटीने वर बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच बरोबर शब्द बरोबर जागी आला होता.

"नाही. नाही, नाही!" बाबांनी पुस्तकावर थाप मारली.

वाट उघडली होती! "मग कोण, बाबा? कोण?"

बाबांनी तोंड उघडलं. ओठ जुळवले. कपाळावरची शीर टरारून फुगली.

"टेबल," ते म्हणाले.

आपण काय बोललो ते त्यांना या वेळी ऐकू आलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. "टेबल." डोळ्यांतून पाणी गालांवर आलं, ते पुसायला हात उठला तोही अर्ध्यावर थांबला. धाकटीने आपल्या ओढणीने ते पुसलं.

आठवं पुस्तक भराभर खपलं. दुकानात येणारे वाचक तिला ओळखून सांगायचे, "मला आधीपासून खलनायकाचाच संशय होता, बरं का! सर म्हणजे ग्रेट." ती हसून त्यांच्या नाकावर चाचणीची फ्रेम चढवायची. काय सांगणार?

घरात मात्र तिने आठवं माळ्यावर टाकलं आणि पहिलं पुस्तक काढलं. बाबांना ते आवडलं. गंमत यायच्या आधीच ते हसू लागायचे. होता होता पुन्हा सातव्याचं शेवटचं पान आलं. "आधी चहा, मग..." एवढं वाचून धाकटीने पुस्तक मिटलं. बाबा तिच्याकडे बघत होते. 'विचार ना,' असं म्हटल्यासारखे.

तिला धीर होत नव्हता. तरी तिने विचारलं, "चोर कोण, बाबा?"

बाबा पुढे सरकले, डावा हात उचलला आणि सगळं सांगितलं. बादल्या, मंगळवार, जिन्यावरची छत्री, कुणाची तरी आत्या. आवाज खाली आणून कुजबुजले, मग एकदम दचकवलं. आई भाजी चिरायची थांबून दारात उभी राहिली. सांगून झाल्यावर बाबांनी दम घेतला आणि लेकीकडे बघितलं.

या वेळी धाकटी हसली नाही. "मला नाही कळलं, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी मान डोलावली. जरा विचार केला, खुर्चीत नीट सावरून बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.