इंद्रायणीबाईंचा उपास

दुपारी एक वाजून बत्तीस मिनिटांनी इंद्रायणीबाईंनी ज्वारीच्या भाकरीचा घास गिळला. वाटाण्याएवढा, वरणात भिजवलेला. शिक्षकांच्या खोलीत त्या आणि शाळेच्या शिपाई केराबाई, दोघीच होत्या.

अकरा वर्षांपूर्वी वजन उतरावं म्हणून बाईंनी पुण्यात जठराला पट्टा बसवून घेतला. पहिली दोन वर्षं वजन उतरलं. मग पट्टा सरकला, आणि भाकरीच काय, मऊ भातही छातीत अडकून उलटू लागला. खाली उतरायचं ते फक्त गोड चहा नि आइस्क्रीम. त्यावर वजन परत चढलं. ऑपरेशनचं कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे लग्न असो की डोहाळजेवण, बाईंचं उत्तर ठरलेलं: आज उपास आहे. त्यांच्या भक्तीचा गवगवा झाला. नव्या सुना पाया पडून जात.

ऑगस्टमध्ये सर्जननी पट्टा काढला, नोव्हेंबरात अन्नाची वाट वळवणारा जठराचा बायपास केला. दहा आठवडे पातळ आणि मऊ खाण्यावर गेले. आता भाकरी. "घास घ्या आणि वीस मिनिटं थांबा," सर्जननी बजावलं होतं. "खाली राहिला तर जिंकलात."

बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"आज कुटला उपास सोडला म्हनायचा?" केराबाईंनी विचारलं. भाकरी त्यांच्याच डब्यातली होती.

"उपास कधी नव्हताच, केराबाई. पोटात..."

"ठावं हाय की. उपासाची बाई बेसिनकडं पळती व्हय? नळ सोडून ओकायचा तुमी. पाच दिवसांनी पानी येतंय, आन टाकी रिकामी म्हून हेडसर मला झापायचे!"

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"मदी देवाला घेतलं हुतं तुमी. म्या कशाला पडू?"

बाई हसल्या. हसताना सवयीनं हात छातीवर गेला. तिथं काही अडकलं नव्हतं.

एक बावन्नला वीस मिनिटं भरली. घास खाली राहिला होता. बाई उठल्या आणि शेजारच्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाल्या, "मी भाकरी खाल्ली!"

"आन सोमवारी?"

"सोमवारीसुद्धा."

दहा आठवड्यांत अकरा किलो उतरले आहेत. ते उतरलेलेच राहतील का, हे वर्षाच्या तपासणीत कळेल, असं सर्जन म्हणतात. एक पंचावन्नला बाईंनी दुसरा घास मोडला.