ऑर्डर कॅन्सल करणारा माणूस

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दहा वर्षांपूर्वी ऑफिसच्या पिकनिकला मी एकाच्या जुन्या पिकअप ट्रकच्या दारावरची पत्र्याची पट्टी वाचून दाखवली. गाडी अमुक महिन्यात बनली, रंग मूळचा नाही, एवढंच. झालं! तेव्हापासून ट्रॉय या आमच्या अमेरिकन गावातला प्रत्येक म्हातारा आपला ट्रक माझ्या ड्राइव्हवेत आणून उभा करतो आणि म्हणतो, "शैलजा, हा फार रेअर आहे बघ." रेअर कसला डोंबलाचा! शंभरातले नव्वद ट्रक कंपनीनं पोत्यानं बनवलेले असतात. सीट कव्हर वेगळं दिसलं की यांना वाटतं, फॅक्टरीतून स्पेशल ऑर्डर!

अर्ल लिंडक्विस्टचं मात्र तसं नव्हतं. तो दोन गल्ल्या सोडून राहतो. वय शहात्तर, डावं पाऊल लाकडी, म्हणजे हल्ली प्लॅस्टिकचं. खरं पाऊल सत्तर सालच्या जानेवारीत व्हिएतनाममध्ये राहिलं. त्याचा ट्रक त्याच सालचा. फोर-व्हील ड्राइव्ह आणि ऑटोमॅटिक गिअर. आता गंमत अशी, की त्या वर्षी त्या मॉडेलला कंपनी फोर-व्हील ड्राइव्हबरोबर ऑटोमॅटिक देतच नव्हती. कॅटलॉगात नाहीच. हवाच असेल तर डीलरनं फॅक्टरीला वेगळी विनंती करायची, फॅक्टरीनं मनात आलं तर मान्य करायची. असे ट्रक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

"गिअर नंतर कुणी बदलला असेल," मी म्हटलं.

"नाही. नवा होता तेव्हापासून मी चालवतोय," अर्ल म्हणाला. "हॉस्पिटलमधून घरी आलो, तर बापानं किल्ल्या दिल्या. म्हणाला, डीलरकडे पडून होता. कुणीतरी ऑर्डर केला आणि कॅन्सल केला. क्लच नाही, तुला जमेल, घे."

"मग?"

"मला त्या कुणीतरीचं नाव हवंय. असा ट्रक शेतावर काम करणाराच घेतो, आणि तो ऑटोमॅटिक मागतो म्हणजे त्यालाही माझ्यासारखंच पाऊल नसणार. आणि त्यानं ऑर्डर कॅन्सल केली. का केली? जगला का तो? पंचावन्न वर्षं डोक्यात आहे माझ्या."

बापाबद्दल त्यानं जास्त काही सांगितलं नाही. सात महिने हॉस्पिटलमध्ये होतो, एकदाही भेटायला आला नाही, एवढंच म्हणाला. वर्षभरात भांडण झालं आणि अर्ल ट्रक घेऊन निघून गेला, तो कायमचाच.

म्हणून मी ट्रक माझ्या गॅरेजमध्ये ठेवून घेतला. दार ऐंशी साली बदललेलं, त्यामुळे पट्टी गेली. पण इंजिनामागच्या पत्र्यावर, पन्नास वर्षांच्या तेलकट थराखाली, फॅक्टरीतल्या माणसानं मेणाच्या पेन्सिलनं लिहिलेला स्पेशल ऑर्डरचा नंबर मला पुसटसा दिसला. सहा आकडे. त्या नंबरावरून जुन्या नोंदींत ऑर्डर शोधता येते. उजेड बरा नव्हता, म्हटलं शनिवारी नीट फोटो काढू.

शनिवार कशाला उजाडायला हवा होता? मध्ये खंडेनवमी आली ना!

माझे बाबा, पुरुषोत्तम, एसटीच्या सांगली वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं. सहा महिन्यांसाठी आलेत माझ्याकडे. खंडेनवमीला त्यांच्या डेपोत प्रत्येक गाडी घासूनपुसून लख्ख, झेंडूची माळ, पान्यांची पूजा. इथं आमची इलेक्ट्रिक गाडी त्यांना गाडीच वाटत नाही. "बॉनेट उघडलं तर आत पेटी, याची काय पूजा करायची?" म्हणतात. आणि गॅरेजमध्ये उभा खराखुरा ट्रक.

मी ऑफिसातून आले तर गॅरेज थिनरच्या वासानं भरलेलं. ट्रकला माळ. मी बॉनेट उघडलं. आतला पत्रा नुसता आरशासारखा.

"बाबा! हे काय केलंत?"

"साफ केलं. घासलेट मिळालं नाही, थिनर वापरला. काय कळकट ठेवतात गं हे लोक! तीन तास लागले."

मी कपाळावर हात मारून तिथंच स्टुलावर बसले. "तिथं नंबर होता, बाबा. पन्नास वर्षं टिकला होता. तुम्ही तीन तासांत पुसलात!"

"नंबर? ते खरडलेलं? मला वाटलं, कुणा कारट्यानं गिरगटलंय."

"हात लावू नका म्हणून सांगितलं होतं की नाही मी?"

"तू म्हणालीस, चालू करू नका. धुवू नका असं कुठं म्हणालीस?" वर आवाज चढवून, "अस्वच्छ गाडीची पूजा करतात का?"

चोराच्या उलट्या बोंबा! माझी मुलगी रुही आतल्या दारातून डोकावून म्हणाली, "मॉम, चिल." मी तिच्यावरही ओरडले. गॅरेजचा कोड आजोबांना तिनंच दिला होता.

रडायचीच बाकी होते मी. अर्ल दुसऱ्या दिवशी येणार होता. त्याला काय सांगू? बाबांना डेपोची आठवण झाली म्हणून तुझा माणूस पुसला गेला? आता एकच आशा उरली होती. कधी कधी फॅक्टरीतला एखादा कागद सीटच्या स्प्रिंगांत अडकून राहतो.

मी दार उघडलं. सीट जागेवर नव्हती.

"सीट कुठाय?"

"मागच्या अंगणात वाळतेय. पाइपनं धुतली."

"धुतली! देवा परमेश्वरा! बाबा, आत कागद असतो!"

"होता की," बाबा शांतपणे म्हणाले. "धुण्याआधी काढला. लिहिलेला कागद पाण्यात घालेन का मी? विद्या असते ती. तिथं ठेवलाय, पूजेत."

गॅरेजच्या कोपऱ्यात पाट. पाटावर माझे पाने, स्क्रू ड्रायव्हर, अर्लचा जॅक. त्यांच्याखाली अंथरलेला, उंदरांनी कडा खाल्लेला पिवळा कागद. वर हळद, कुंकू, अक्षता आणि नारळाचं पाणी! मग एकेक पाना उचलून, टिशूनं टिपत टिपत तो कागद सोडवला आणि वाचला. दोनदा वाचला. कागद घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ल आला. माळ घातलेला ट्रक बघून हसला. बाबांनी त्याला नारळाची वाटी दिली. "घ्या अर्लराव," मराठीतच.

"नंबर गेला," मी सांगून टाकलं. "माझ्या वडिलांनी पुसला. पण कागद मिळाला. स्पेशल ऑर्डरचा, डीलरनं फॅक्टरीला पाठवलेला. अर्ल, ही ऑर्डर कधी कॅन्सल झालीच नाही. ज्यानं दिली, त्यानंच गाडी उचलली."

"कोण?"

कागद मी त्याच्या हातात दिला. कुंकवाच्या डागाखाली टाइप केलेली अक्षरं दिसत होती. तारीख तीन फेब्रुवारी सत्तर. गिऱ्हाईक: हॅरल्ड लिंडक्विस्ट. विनंतीचं कारण: चालवणाऱ्याला क्लच दाबता येणार नाही. मुलगा.

अर्लनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. जानेवारीच्या चौदा तारखेला त्याचं पाऊल गेलं होतं. तीन आठवडेही झाले नव्हते.

मग त्यानं बॉनेटवर जोरात थाप मारली. "मग खोटं का बोलला तो? कॅन्सल ऑर्डर म्हणे! कुणाची तरी उष्टी गाडी माझ्या गळ्यात मारली असं मी आयुष्यभर समजलो. तोंड नव्हतं का त्याला?"

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं.

"तुझ्यासाठी मुद्दाम बनवून घेतली, असं बाप म्हणाला असता, तर यांनी घेतली असती का? विचार त्यांना."

मला खरं तर बाबांना गप्प करायचं होतं. पण मी विचारलं.

अर्लनं कागद पुन्हा वाचला. "नाही," तो म्हणाला. "किल्ल्या तोंडावर फेकल्या असत्या. तेव्हा मी तसाच होतो."

तो हळूच स्टुलावर टेकला. कागद गुडघ्यावर ठेवला, दोन्ही हातांनी धरून.

"अठ्ठ्याहत्तर साली गेला तो," म्हणाला. "चाळीस मैलांवर होतो मी, ह्याच ट्रकमध्ये. दफनाला गेलो नाही. आणि त्या कॅन्सल करणाऱ्या माणसासाठी मात्र दर रविवारी प्रार्थना करत आलोय."